कळशीभर उजेड : तुटपुंज्या खर्चात अद्भुत प्रसंग उभा करण्याची रीत

अद्भुत प्रसंग असलेली संहिता घेऊन कोणी नवोदित दिग्दर्शक आला की मी सर्वांत आधी एकच प्रश्न विचारते: या प्रसंगात अशक्य अशा गोष्टी किती घडतात? उत्तर बहुधा पाच-सहा असे येते. राजवाडा पाण्याखाली असतो, नायिका उडते, मासे बोलतात, आकाशाचा रंग बदलतो आणि शेवटी सगळे धुरात विरून जाते. प्रत्येक अशक्य गोष्टीला पैसा, वेळ आणि माणसे लागतात. हाताशी असलेले थोडके साधन पाच ठिकाणी वाटले गेले की त्यांतली एकही गोष्ट धड उभी राहत नाही. कमी खर्चाच्या चित्रपटात एका प्रसंगात अशक्य गोष्ट एकच ठेवावी, आणि तिच्याभोवतीचे सारे इतके खरे आणि इतके रोजचे असावे की प्रेक्षकाला शंका घ्यायला सवडच मिळू नये, असे माझे ठाम मत आहे. पुढची प्रत्येक पायरी याच मतावर उभी आहे.

समजायला सोपे जावे म्हणून आम्ही स्वतः केलेल्या एका लघुपटातला प्रसंग मी येथे सबंध लेखभर वापरणार आहे. नाशिकच्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात नऊ वर्षांची मुलगी आजीबरोबर राहते. आजीची तांब्याची कळशी मुलीच्या हातून आडात पडते. रात्री मुलगी एकटीच आडाशी जाते, तेव्हा पाण्यातून एक हात वर येतो आणि कळशी परत देतो. कळशी भरलेली असते, पण पाण्याने नव्हे, उजेडाने. मुलगी ती घेऊन माजघरात येते आणि दृष्टी गेलेल्या आजीच्या ओंजळीत तो उजेड ओतते.

पहिली पायरी : संहितेवर कात्री

मूळ संहितेत आडाखाली नगर होते, सातही आसरा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात देवता, होत्या आणि त्यांच्यात संभाषणही होते. आम्ही एक-एक गोष्ट काढून पाहिली आणि प्रत्येक वेळी विचारले की ही नसेल तर मुलीच्या हाती काही कमी पडते का. शेवटी एकच गोष्ट अशी उरली की जी काढताच कथा कोसळत होती: उजेड पाण्यासारखा वाहतो. आसरेचा हातसुद्धा आम्ही अशक्य गोष्टींत धरला नाही, आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे. साती आसरा आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या मनात आधीपासूनच आहेत. गावोगावी विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड त्याने पाहिलेले असतात, आणि भर दुपारी तिकडे जाऊ नको असे आजीने त्याला बजावलेले असते. जे प्रेक्षकाच्या श्रद्धेत आहे ते पडद्यावर नव्याने सिद्ध करावे लागत नाही. सात दगड एकदा दाखवले की आसरा तेथे आहेत हे मान्य होते, आणि त्याला शेंदराच्या पुडीइतकाच खर्च येतो. परक्या दंतकथांतले उडणारे अजस्र सर्प आणि टोकेरी टोप्यांचे जादूगार आणले तर त्यांची ओळख करून देण्यातच निम्मा प्रसंग संपतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या भागांतल्या बोहाड्याचे, म्हणजे देवांची सोंगे नाचवण्याच्या आदिवासी उत्सवाचे, मुखवटे पाहून अनेकांना ते पडद्यावर आणावेसे वाटतात, आणि ते आहेतही तसेच देखणे. पण ती सोंगे नाचवणाऱ्यांसाठी ते देव आहेत. मुखवटे कसे घडतात हे त्या कारागिरांकडून शिकावे, त्यांना मोबदला द्यावा आणि आपल्या कथेसाठी वेगळा मुखवटा घडवून घ्यावा. प्रत्यक्ष पूजेतला मुखवटा चित्रीकरणाची वस्तू म्हणून मागू नये.

दुसरी पायरी : जागा आणि जागेचा मालक

नाशिकमध्ये अद्भुत कथेला लागतात तशा जागा फार आहेत. जुन्या नाशकातले आणि पंचवटीतले वाडे, पांडवलेणी, अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे कडे, पावसाळ्यातले इगतपुरीचे धुके, सोमेश्वरचा धबधबा अशी यादी कोणीही देईल. पण जागा निवडताना सौंदर्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: तेथे उजेड आपल्या ताब्यात राहतो का, आवाज आपल्या ताब्यात राहतो का आणि सामान ठेवून दुसऱ्या दिवशी परत येता येते का. या तिन्ही कसोट्यांवर उघडा डोंगर नापास होतो आणि जुना वाडा उत्तीर्ण होतो. इगतपुरीचे धुके मोफत मिळते हे खरे, परंतु ते दहा मिनिटांत विरते आणि पुढच्या शॉटला मागच्याशी जुळत नाही. गोदाकाठचा प्रसंग पावसाळ्यात ठेवला असेल तर धरणातून पाणी सोडल्याची बातमी रोज पाहावी लागते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आले की काठावरचे सगळे वेळापत्रक बदलते.

वाड्याची निवड करताना चौकाकडे नीट पाहावे. चौकावर वरून काळी ताडपत्री ताणता येत असेल तर भर दुपारी रात्र करता येते, आणि लहान मुलांना खरोखर रात्रभर जागवावे लागत नाही. आम्ही ताडपत्री दोन पदरी घेतली, कारण एका पदरातून उन्हाची सुईएवढी भोके दिसत होती. ती कडीपाटाच्या जुन्या लाकडाला खिळे न ठोकता बांबूच्या चौकटीवर बांधली. जुन्या वाड्यात वायरिंगही जुने असते. त्यावर मोठे दिवे लावू नयेत आणि उघडी आग तर मुळीच नको.

मालकाशी बोलताना घाई करू नये. ओसरीवर बसून चहा घ्यावा, कथा सांगावी, कोणत्या खोलीत किती माणसे किती वाजेपर्यंत असतील हे लिहून द्यावे आणि विजेचे बिल आपण भरू हे आधीच सांगावे. सामान हलवण्याआधी प्रत्येक कोनाड्याचा फोटो काढून ठेवावा आणि निघताना त्या फोटोप्रमाणेच सगळे परत लावावे. घरमालकीणबाईंनी देवघरातली समई जेथे ठेवली होती तेथेच ती संध्याकाळी त्यांना दिसली, तर पुढच्या वेळी त्या आपल्याला वाडा आनंदाने देतात.

परवानग्या

हा भाग रुक्ष असला तरी टाळता येत नाही. पांडवलेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत, तेव्हा तेथील चित्रीकरणाला त्या विभागाची परवानगी लागते. डोंगर वनक्षेत्रात असेल तर वनविभागाची, घाट आणि रस्त्यांसाठी महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी लागते. देवळाली आणि ओझर या लष्करी व हवाई परिसरांमुळे नाशिकभोवती ड्रोनवर मोठे निर्बंध आहेत. ड्रोनसाठीच्या डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन पिशवीतून बाहेरही काढू नये. कथेत पशुपक्षी असतील तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. लहान मुलांच्या कामासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असते. मुलांकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. आपण आपले वेळापत्रक मुलाच्या त्या ५ तासांपासून आखायला सुरुवात करावी आणि बाकीचे शॉट त्याभोवती बसवावेत.

साहित्य कोठून आणावे

नवोदितांच्या डोक्यात पहिले साहित्य येते ते थर्माकोल. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीसाठीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि तसेही कॅमेऱ्यात त्याचा हलकेपणा लपत नाही. हात लागला की दगड डुगडुगतो. त्याऐवजी पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, गोणपाट, शाडू आणि कागदाचा लगदा यांवर भर द्यावा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून जाड पन्हळी पुठ्ठ्याची खोकी भंगारात निघतात, आणि गणेशोत्सव संपला की मंडळांच्या देखाव्यांचे सांगाडे, पडदे, फिरत्या मोटारी कोपऱ्यात पडून राहतात. कार्यकर्त्यांशी ओळख असेल तर भाड्यानेही मिळतात. हलता देखावा करणाऱ्या कारागिराला थोडक्या जागेत आश्चर्य कसे घडवायचे हे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळते. त्याला कला विभागात सन्मानाने बोलवावे.

नाशिकचे खरे धन मात्र द्राक्षबागांत आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेच्या कडेला काड्यांचे ढीग लागतात, आणि एखादी जुनी बाग मोडली की पीळ पडलेली, साल सुटलेली, मनगटाएवढी खोडे सरपणासाठी जातात. अशी दहा-बारा खोडे कॅमेऱ्याजवळ उभी केली, मागे काळा कपडा धरला आणि तिरपा उजेड टाकला की पाहणाऱ्याला मंतरलेले अरण्य दिसते. असे वळण आणि अशा गाठी कोणताही सुतार घडवू शकणार नाही. आमच्या आडाभोवतीची मुळे याच खोडांची आहेत. फवारणीचा पाठीवरचा पंपही शेतकऱ्याकडून मागून आणावा. शॉटआधी फरशी, दगड आणि खोडे पाण्याने भिजवली की एकच दिवा दहा ठिकाणी चमकतो आणि रात्र खोल वाटू लागते. वापरण्याआधी पंप साबणाने तीन-चार वेळा धुवावा, कारण त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो.

लगद्यासाठी वर्तमानपत्र रात्रभर भिजवून कुटावे, पिळून घ्यावे आणि त्यात मैद्याची खळ व मेथीची पूड मिसळावी. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी असल्यामुळे चेहऱ्यावर किंवा मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूत ते कधीही घालू नये.

खर्चाबद्दल माझा एक नियम आहे. नटाच्या हातात जी वस्तू येते तिच्यावर पैसा घालावा आणि नटाच्या मागे जे आहे त्यावर तो वाचवावा. आमची कळशी तांबट आळीतून आणलेली जुनी, खरी, पोचे पडलेली कळशी होती. ती उचलताना मुलीचा खांदा खरोखर झुकत होता, आणि प्लास्टिकला रंग देऊन तो झुकाव मिळाला नसता.

उजेड ओतायचा कसा

आता मुख्य गोष्ट. संगणकावर असा उजेड करणे आम्हाला परवडणारे नव्हते, आणि कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडलेली गोष्ट नटाला दिसते, म्हणून माझा कल नेहमी तिकडेच असतो. या बाबतीत आपला वारसाही मोठा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मधल्या पहिल्या कथापटाच्या आधी वाटाण्याचा वेल उगवताना चित्रित केला होता, तोही रोज थोडा-थोडा, म्हणजे कित्येक दिवसांची वाढ डोळ्यांदेखत घडताना दिसावी. वाटाणा कोणाच्याही घरी असतो. त्यात अद्भुत काय आहे हे त्यांनी ओळखले आणि त्यासाठी लागणारा धीर धरला.

आम्ही दोन पद्धती करून पाहिल्या. पहिली पद्धत प्रकाशाच्या गुणावर चालते. पाण्याची धार अखंड आणि नितळ असेल तर तिच्या एका टोकातून सोडलेला प्रकाश धारेच्या आतल्या बाजूला आपटत-आपटत धारेबरोबरच वळतो. पारदर्शक बाटलीच्या तळाशी बाजूला ५ ते ६ मिलिमीटरचे गुळगुळीत भोक पाडावे आणि समोरच्या बाजूने भोकाच्या रेषेत टॉर्च धरावी. पाण्यात दोन थेंब दूध टाकले की धार आतून उजळलेली दिसते. हे अंधारात पाहताना अंगावर काटा येतो. पण धार फुटली की प्रकाशही फुटतो, आणि कळशीच्या रुंद तोंडातून धार नितळ पडत नाही. झारीतून किंवा तोटीच्या भांड्यातून ओतायचे असेल तर मात्र हीच पद्धत घ्यावी.

दुसरी पद्धत औषधाच्या दुकानातली आहे. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांत रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व असते, आणि त्यावर अतिनील प्रकाश पडला की ते स्वतः पिवळट हिरवे उजळते. एक लिटर पाण्यात पाच गोळ्या कुटून, ढवळून, सुती कापडातून दोनदा गाळून घेतल्या तेव्हा आम्हाला हवा तो रंग मिळाला. टॉनिक वॉटरमधल्या क्विनिनमुळे निळसर उजेड मिळतो, पण कथेला चांदण्याचा निळा नको होता, पहाटेचा पोपटी हवा होता. नोटा तपासायला वापरतात तशा ३९५ नॅनोमीटरच्या तीन यूव्ही (अतिनील) टॉर्च कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर लावल्या, मागे काळी मखमल धरली आणि बाकी सगळे दिवे बंद केले. तांबे अंधारात जवळजवळ काळे राहिले, आणि कळशीच्या काठावरून उजेड ओघळून खाली आला.

यातली एक चूक आमच्याकडून झाली, ती आपल्याकडून होऊ नये. आजीला आम्ही पांढरे लुगडे नेसवले होते. कपडे धुण्याच्या पावडरीत कापड पांढरेशुभ्र दिसावे म्हणून जी द्रव्ये असतात, तीही अतिनील प्रकाशात निळी उजळतात. टॉर्च लागताच आजीचे सबंध लुगडे पेटल्यासारखे चमकले आणि ओंजळीतला उजेड त्यापुढे फिका पडला. ती द्रव्ये साध्या धुण्याने जात नाहीत. आम्ही दुपारचा दीड तास गमावला आणि शेवटी शेजारच्या घरातून गडद विटकरी रंगाचे जुने लुगडे आणले. म्हणून चित्रीकरणाच्या आदल्या दिवशीच अंधार करून प्रत्येक कपडा, फुले, रांगोळी आणि मेकअप त्या टॉर्चखाली धरून पाहावे. दातही उजळतात, त्यामुळे या शॉटमध्ये नटाने हसू नये. टॉर्च कोणाच्याही डोळ्यांवर रोखू नये, आणि ते पाणी मुलांनी पिऊ नये म्हणून एक माणूस फक्त तेवढ्यासाठी उभा ठेवावा.

हा उजेड डोळ्याला दिसतो, पण त्याने चेहरा उजळत नाही, कारण तो फार मंद असतो. म्हणून धारेचा क्लोजअप आणि मुलीचा चेहरा हे दोन शॉट पूर्णपणे वेगळे घ्यावेत. चेहऱ्यासाठी आम्ही परातीत पाणी घेतले, तळाशी आरशाचे तुकडे ठेवले, त्यावर पोपटी जिलेटिन (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावलेला छोटा एलईडी मारला आणि परावर्तित होणारा उजेड मुलीच्या गालावर खेळू दिला. परातीला बोट लावले की उजेड थरथरतो, सोडले की शांत होतो. ते बोट कोणाचे असावे हे मी दिग्दर्शकाला आग्रहाने सांगते: ज्याला कथा सर्वांत जास्त कळली आहे त्याचे. आमच्या सेटवर ते काम सहायक दिग्दर्शकाने केले, आणि मुलीने श्वास रोखला की तोही बोट रोखत असे.

कॅमेऱ्याची सगळी स्वयंचलित मांडणी या वेळी बंद असावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० चा शटर ठेवला तर दिव्यांची लुकलुक टळते. मोबाइलवर चित्रित करत असाल तर फोकस, एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही कुलूपबंद करावेत, नाहीतर फोन काळोख उजळ करायला धावतो आणि काळ्या मखमलीच्या सुरकुत्या दाखवतो. स्वस्त एलईडी माळा आणि टॉर्च आधी चित्रित करून पाहाव्यात, कारण डोळ्याला न दिसणारे पट्टे पडद्यावर दिसतात.

पाण्यातून येणारा हात

नऊ वर्षांच्या मुलीला खऱ्या आडावर वाकवणे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. आडाचा लांबचा शॉट आम्ही दिवसा, तोंडावर जाड जाळी बसवून आणि मुलीला काठापासून दूर उभे करून घेतला. जवळचे सर्व शॉट अर्ध्यात कापलेल्या, आतून काळा रंग दिलेल्या लोखंडी पिंपात घेतले. पिंपाच्या कडेने काळे दगड आणि द्राक्षाची खोडे अशी रचली की वरून पाहताना आडाचेच तोंड वाटावे. पिंपाच्या कापलेल्या कडेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवून घ्यावी, नाहीतर ती पत्र्याची धार हात कापते.

हात वर येतो तो शॉट उलटा घेतला आहे. हिरव्या बांगड्या भरलेला हात कळशी धरून संथपणे पाण्यात जातो आणि दिसेनासा होतो, एवढेच चित्रित करायचे आणि संकलनात ते मागे फिरवायचे. तेव्हा पाण्यावरची वलये बाहेर पसरण्याऐवजी हाताकडे गोळा होत येतात, थेंब खालून वर जाऊन बोटांना चिकटतात, आणि पाहणाऱ्याला नेमके काय चुकते आहे ते कळत नाही, पण हे माणसाचे पाणी नाही एवढे कळते. हात चांगला दिसण्यासाठी कलाकाराने बोटे सैल ठेवावीत आणि हालचाल नेहमीच्या निम्म्या गतीने करावी. आम्हाला अकरावा टेक हवा तसा मिळाला, कारण प्रत्येक टेकनंतर पाणी पूर्ण स्थिर होण्याची वाट पाहावी लागत होती. ती वाट पाहण्याचा वेळ वेळापत्रकात धरावा.

अद्भुत वस्तू प्रचंड असेल तर

आपल्या कथेतली एकमेव अशक्य गोष्ट एखादा किल्ला किंवा नगर असेल, तर छोटी प्रतिकृती कॅमेऱ्याजवळ आणि माणूस लांब ठेवण्याची जुनी युक्ती वापरावी. हिशोब सरळ आहे: कॅमेऱ्यापासून १ मीटरवर ठेवलेला ६० सेंटिमीटरचा दरवाजा, १० मीटरवरच्या ६ मीटर उंच दरवाजाएवढा दिसतो. दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत, म्हणून रुंद लेन्स, बारीक अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) आणि भरपूर ऊन लागते. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर १८ मिलिमीटरची लेन्स, एफ ११ अ‍ॅपर्चर आणि दीड मीटरच्या आसपास फोकस ठेवला तर सुमारे ८० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे हे काम त्याला आणखी सोपे जाते. प्रतिकृती आणि माणूस यांच्यावर ऊन एकाच दिशेने पडले पाहिजे, सावल्या जुळल्या पाहिजेत आणि ट्रायपॉड तसूभरही हलता कामा नये. गंगापूर धरणाच्या काठासारखी मोकळी जागा यासाठी उत्तम. जलसंपदा विभागाकडे विचारणा करून जावे आणि वाऱ्याची वेळ टाळून सकाळी लवकर काम उरकावे. प्रतिकृतीत काही कोसळणार असेल तर ते जास्त फ्रेम-गतीने घ्यावे. वस्तू मूळ आकाराच्या एक षोडशांश असेल तर गती चौपट, म्हणजे सेकंदाला १०० फ्रेम. पाणी आणि आग मात्र लहान होत नाहीत. थेंब आणि ज्वाळा आपला खरा आकार लगेच सांगून टाकतात, म्हणून प्रतिकृतीपासून ती दूर ठेवावीत.

मुलीने काय पाहावे

सगळी युक्ती साधली तरी तिच्यावर विश्वास बसतो तो पाहणाऱ्या पात्रामुळे. मुलांना ‘घाबर’, ‘आश्चर्य दाखव’ असे सांगितले की ती भुवया उंचावतात आणि डोळे मोठे करतात. आम्ही मुलीला तालमीत उजेड दाखवलाच नाही. चित्रीकरणाच्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावला, परातीचा उजेड तेवढा ठेवून बाकी दिवे घालवले आणि पहिल्याच वेळी कळशीतून खरी धार ओतली. टॉर्च तिच्या पाठीमागून, तिच्या डोळ्यांवर पडणार नाही अशा लावल्या होत्या. तिने आश्चर्य दाखवले नाही. ती कळशीचा बूड धरायला पुढे झाली, जणू सांडेल अशी तिला भीती वाटली. प्रसंगात तोच टेक आहे. आजीचे काम करणाऱ्या बाईंना मी एवढेच सांगितले होते की ओंजळीत जे पडते आहे ते ऊनऊन आहे असे समजा.

ध्वनी

येथे खर्च जवळजवळ नाही आणि फायदा मोठा आहे. प्रत्येक जागेवर निघण्याआधी किमान एक मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करावी. आमच्या प्रसंगात सुरुवातीपासून रातकिडे, लांबचे कुत्रे आणि रहाटाचा करकर आवाज आहे. हात पाण्याबाहेर येण्याच्या क्षणाआधी दोन सेकंद हे सगळे एकदम थांबते. आसरा आल्याचे रात्रीलाच कळले आहे असे वाटते. उजेडाच्या आवाजासाठी आम्ही तांबट आळीत परवानगी घेऊन हंड्यावर पडणारे हातोडीचे घाव मुद्रित केले आणि त्यांची गती निम्मी केली. गती निम्मी झाली की स्वर एक सप्तक खाली येतो, आणि ठोक्याचा टणत्कार जाऊन मागे रेंगाळणारा घुमारा उरतो. तोच घुमारा धारेखाली हलकाच ठेवला. धारेला पाण्याचा आवाज मुद्दाम दिलेला नाही.

संकलन आणि उरलेली तयारी

अद्भुत शॉट गरजेपेक्षा थोडा आधी कापावा. धार आम्ही पडद्यावर एकूण नऊ सेकंद दाखवली आहे, तीही तीन तुकड्यांत, मध्ये मुलीचा चेहरा ठेवून. पहिला जोडलेला प्रसंग संहिता न वाचलेल्या दोन-तीन जणांना दाखवावा आणि ‘कसा वाटला’ असे न विचारता ‘काय घडले ते सांगा’ असे म्हणावे. ‘मुलीने उजेड आणला’ असे कोणी म्हटले तर काम झाले. ‘चमकणारे पाणी होते’ असे म्हटले तर धारेचा शॉट अजून जास्त वेळ चालतो किंवा फार जवळून घेतला आहे.

चित्रित केलेले सगळे जागेवरच, दिवे उतरवण्याआधी, मोठ्या पडद्याच्या लॅपटॉपवर पाहून घ्यावे आणि दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. तरीही एखादा राहिलेला शॉट पुढे घ्यावा लागतोच. रायबोफ्लेविन उजेडात हळूहळू नष्ट होते, त्यामुळे उरलेले पाणी बाटलीत भरून ठेवून उपयोग नाही. पुढच्या वेळी ते ताजेच करावे लागते. म्हणून गोळ्यांचे नाव, एका लिटरला किती गोळ्या, किती वेळा गाळले, टॉर्च किती अंतरावर होत्या आणि कॅमेऱ्याचे आकडे काय होते हे सगळे एका पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा कळशीच्या आतच ठेवावा, आणि कळशी कोणाच्या घरी आहे हे निर्मितीच्या वहीत नोंदवावे.